कृपादानं: माइकपुढची आणि माइकमागची

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत शाल-श्रीफळ कुणाला मिळणार, हे ओळखायला संदेष्ट्याचं दान लागत नाही. पाळकसाहेब, क्वायरचे मास्तर, सेक्रेटरी आणि नवी साउंड सिस्टिम देणारे दाते. दरवर्षी थोड्याफार फरकानं हीच यादी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना उपासनेच्या आधी येऊन कूलरमध्ये पाणी भरणारे, सुकलेल्या ताट्या बदलणारे एक काका मात्र जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये असतात. त्यांना एकदा म्हणून बघा की काका, हेही कृपादानच आहे. ते हसतील. "मले कायचं दान बाप्पा, मी तं नुसतं पाणी भरतो!"

हे ऐकायला नम्र वाटतं. पण कृपादानांवर इतके प्रवचनं होऊनही ती शिकवण या काकांपर्यंत पोचलेली नाही, असाच त्याचा अर्थ आहे. म्हणून ती नेमकी काय आहे ते साध्या भाषेत मांडतो. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण चारचौघांत मान कुणाला मिळतो हा प्रश्न काही चर्चपुरता नाही.

कृपादान म्हणजे मंडळीच्या भल्यासाठी पवित्र आत्म्यानं एखाद्या माणसाला दिलेली क्षमता. ती कमावलेली नसते, मिळालेली असते, आणि मिळते ती दुसऱ्यांसाठी. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना देवाच्या कृपेचे कारभारी म्हटलंय. कारभाऱ्याच्या हातात किल्ल्या असतात, वाडा त्याचा नसतो. 'माझं दान' असं छातीला हात लावून सांगणाऱ्यांनी हे वाक्य अधूनमधून वाचावं.

इथे एक गल्लत नेहमी होते. आत्म्याचं फळ वेगळं आणि आत्म्याची दानं वेगळी. गलतीकरांच्या पत्रात फळाचे नऊ गुण दिलेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. हे नऊही प्रत्येकात दिसावेत अशी अपेक्षा आहे, त्यात सूट नाही. दानं मात्र वाटून दिलेली असतात, कुणाला एक, कुणाला दुसरं. म्हणून दान हे चारित्र्याचं सर्टिफिकेट ठरत नाही. एखाद्याच्या प्रार्थनेनं सभा हेलावून जाते आणि तोच माणूस घरी बायकोशी नीट बोलत नाही, हे घडू शकतं, घडतं. अशा वेळी त्याचं दान पुढे करून बाकीच्यावर पांघरूण घालायचं नसतं.

या विषयावरचा सगळ्यात सविस्तर मजकूर ख्रिस्ताचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 12 ते 14 या अध्यायांत आहे. तो समजायला करिंथ समजून घ्यावं लागतं. रोमन सैन्यानं इ.स.पू. 146 मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं होतं. पुढे इ.स.पू. 44 मध्ये जुलियस सीझरनं ते पुन्हा वसवलं आणि तिथे आणून बसवलेल्या लोकांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ होते. दोन बाजूंना दोन बंदरं, व्यापार जोरात, हातात नवा पैसा. जुनं घराणं कुणाचंच नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपण कुणीतरी आहोत हे दाखवायची घाई. पौलानं इ.स. 54 च्या सुमारास इफिसहून हे पत्र लिहिलं तेव्हा हीच घाई चर्चमध्ये शिरलेली होती. प्रभुभोजनाला खातेपिते लोक आधी येऊन जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, अशी तक्रार त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. दानांचंही तेच झालं होतं. अन्य भाषांत बोलणं, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेनं कुणाला न कळणाऱ्या भाषेत बोलणं, हे तिथलं सगळ्यात मानाचं दान होऊन बसलं होतं. ज्याला ते होतं तो वरचा, बाकीचे खालचे.

पौल त्या दानाला खोटं म्हणत नाही. आपण स्वतः तुम्हां सर्वांपेक्षा जास्त भाषांत बोलतो, असंही तो सांगतो. तो फक्त यादी लांबवत नेतो. ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, देवाकडून आलेला संदेश देणं, आत्मे ओळखणं, आणि अध्यायाच्या शेवटाकडे येताना साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं. या शेवटच्या दोन शब्दांवर आपण थांबतच नाही. रोगी बरे करणाऱ्यांच्या ओळीत, त्याच वाक्यात, मदतनीस आणि व्यवस्थापक बसवलेले आहेत. रोमकरांच्या पत्रातली यादी आणखी घरगुती आहे: संदेश देण्याबरोबर सेवा, शिकवणं, धीर देणं, देणं, पुढारीपण आणि दया. इफिसकरांच्या पत्रातली निराळी. एकही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. त्यावरून बहुतेक अभ्यासक म्हणतात की या याद्या नमुन्यादाखल आहेत, त्यांच्या बाहेर दान नाहीच असं समजायचं कारण नाही.

जुन्या करारात तर याहून जुनी नोंद आहे. निर्गमाच्या 31व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की बसालेलला मी आपल्या आत्म्यानं भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ यांचं काम, रत्नं जडवणं आणि लाकडाचं कोरीवकाम यासाठी. तो ना राजा, ना याजक. कारागीर होता.

आता शरीराचं उदाहरण. पाय म्हणाला, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तर तेवढ्यानं तो शरीराबाहेर पडतो का? डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. संडे स्कूलमध्ये आपण हे पाठ केलंय, आणि पाठ असलेल्या गोष्टीचं होतं तेच याचंही झालंय, त्यातली धार बोथट झालीय.

शरीराचा हा दाखला पौलाच्या आधीपासून रोमन जगात चालत होता. इ.स.पू. 494 मध्ये रोममधल्या सामान्य लोकांनी काम टाकून शहर सोडलं, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदारानं त्यांची समजूत काढताना सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला, पोट उपाशी राहिलं आणि सगळंच शरीर खंगलं. अर्थ उघड होता: तुम्ही राबा, आम्ही खातो, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. खालच्यांनी जागेवर राहावं म्हणून वरच्यांनी सांगितलेली ही गोष्ट.

मराठी वाचकाला, त्यातही नागपूरकराला, दुसरा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त. तिथे एका विराट देहाचं मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांना चार वर्ण जोडलेत. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो लोकांनी त्या उतरंडीकडे पाठ फिरवली, त्या शहरात 'तुम्ही शरीराचे अवयव आहात, तू पाय आहेस' असं प्रवचनात म्हणताना बोलणाऱ्यानं जरा जपून बोलावं. ऐकणाऱ्याच्या कानात कोणता पाय वाजतो ते सांगता येत नाही. चर्चमध्ये आला म्हणून माणसाची जात बाहेर चपलांपाशी राहते असं नाही, हे मंडळीत वाढलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पौल याच जुन्या चित्राला उलटं धरतो, म्हणून हे सगळं सांगितलं. त्याचा सूर वरच्यांना उद्देशून आहे. जे अवयव अशक्त वाटतात तेच अत्यावश्यक आहेत, असं तो म्हणतो. जे कमी मानाचे वाटतात त्यांना अधिक मान द्या, आणि हेही की देवानंच शरीर असं जुळवलंय की ज्याला उणीव त्याला जास्त मान. पायानं पायाच्या जागी समाधानी राहावं, असा उपदेश त्यात कुठेच नाही. शिवाय कोणतं दान कुणाला हे आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे ठरवतो, असं 11व्या वचनात स्पष्ट आहे. बापाचं दान पोराला वारशानं मिळत नाही, आडनावानं तर नाहीच.

इथे चौकस वाचक विचारेल, मग त्याच अध्यायात 'प्रथम प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक' असे नंबर का टाकले? आणि 'श्रेष्ठ दानांची उत्कंठा बाळगा' असंही लिहिलंय. प्रश्न रास्त आहे. पौलाच्या मते सगळी दानं सारख्याच उपयोगाची नाहीत. मोजमाप 14व्या अध्यायात सापडतं: मंडळीची उभारणी कशानं होते? न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बोलणं मला पसंत, असं तो म्हणतो. करिंथकरांनी जे डोक्यावर घेतलं होतं ते त्यानं यादीत शेवटी टाकलं. म्हणजे दान किती डोळे दिपवतं याला त्याच्या लेखी किंमत नाही, दुसऱ्याच्या पदरात काय पडतं ते तो बघतो. उपयोग कमीजास्त असू शकतो. माणसाची किंमत कमीजास्त होत नाही.

मधला 13वा अध्याय आपण लग्नात वाचतो. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हेवा करत नाही. वधूवरांसाठी छानच. पण तो लिहिला गेला मानपानाच्या भांडणात, दोन कडक अध्यायांच्या मध्ये, आणि 'प्रीती फुगत नाही' हे टोमण्यासारखं वाक्य क्वायरच्या बैठकीत वाचलं तर जास्त झोंबेल असं माझं मत आहे.

मग आज ही दानं आहेत की नाहीत? यावर मंडळ्यांचं एकमत नाही. काही प्रॉटेस्टंट परंपरा मानतात की भाषा, चमत्कार यांसारखी दानं प्रेषितांच्या काळापुरती होती. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी 1918 मध्ये हे मत जोरकसपणे मांडलं. पेंटेकॉस्टल मंडळ्या याच्या अगदी उलट. त्यांचा इतिहास बहुधा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 साली सुरू झालेल्या सभांपासून सांगतात. पण त्याच्या आदल्या वर्षी, 1905 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली होती. तिथे प्रार्थना करणाऱ्या बहुतेक मुली आणि विधवा होत्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्या जागृतीबद्दल लिहिलेला मजकूर चिलीतल्या मैत्रिणीपर्यंत गेला आणि 1909 च्या तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. ज्यांना घरानं टाकलं होतं त्यांच्या तोंडून सुरू झालेली गोष्ट समुद्रापार गेली. त्याच मुक्तीत मुली छापखाना चालवायच्या, विणकाम आणि शेती करायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच बायकांच्या हातून छापलं गेलं. जागृतीची गोष्ट सगळे सांगतात, खिळे जुळवणाऱ्या हातांची फारसं कुणी सांगत नाही.

कॅथलिक चर्चमध्येही हा वाद झालाय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1963 साली कार्डिनल रुफिनी यांचं म्हणणं होतं की अशी दानं आद्य मंडळीत विपुल होती, आता विरळा आहेत. कार्डिनल सुएनेन्स यांनी त्याला विरोध केला: सामान्य विश्वासणाऱ्यांत ती आजही आहेत. परिषदेच्या 1964 च्या दस्तऐवजात सुएनेन्स यांचीच बाजू उतरली. आत्मा सर्व दर्जांच्या विश्वासणाऱ्यांना विशेष कृपा वाटून देतो असं त्यात म्हटलं आहे, आणि ती खरी की खोटी हे पारखण्याची जबाबदारी पुढाऱ्यांवर टाकली आहे.

नागपुरात ही सगळी मतं थोड्याथोडक्या अंतरात नांदतात. सदर भागातच ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे आणि कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही. देशभरातल्या चर्चना जोडणाऱ्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय याच शहरात. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला ऑल सेंट्सच्या आवारात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं संयुक्त चर्च होतं, बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स होते. कुणाकडे बिशपांची परंपरा, कुणाकडे निवडून दिलेल्या वडीलजनांची (एल्डर्सची). एकाकडे बाळांचा बाप्तिस्मा, दुसऱ्याकडे फक्त कळत्या वयातला. एकानं दुसऱ्याला गिळायचं नाही असं ठरलं, दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मान्य झाले, बिशप राहिले आणि सभासदांच्या निवडून आलेल्या समित्याही राहिल्या. वाटाघाटींना चाळीसेक वर्षं लागली. संस्थेच्या पातळीवर वेगळी दानं मान्य करणं कसं दिसतं, याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्याच शहरात घडलंय आणि संडे स्कूलच्या पोरांना ते सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

याच शहरानं स्टीफन हिस्लॉप पाहिला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा हा मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला. प्रवचनं करायचा, शाळा चालवायचा, आणि उरलेल्या वेळात दगड फोडत हिंडायचा. नागपूर परिसराचा भूगर्भ आणि इथले जीवाश्म यांवरचं त्याचं काम इतकं पक्कं होतं की एका खनिजाला हिस्लोपाइट नाव पडलं. गोंडांची भाषा आणि गाणी त्यानं टिपून ठेवली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाला ओलांडताना तो बुडाला. त्याच्या टिपणांचं पुस्तक सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये काढलं. मिशनच्या हिशेबात दगड कुठे बसतात, असं तेव्हाही कुणाच्या मनात आलं असेल. आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे, आणि गोंडी गाण्यांचा तो ठेवा अभ्यासक अजून उघडतात.

मग आपलं दान ओळखायचं कसं? बाजारात प्रश्नावल्या मिळतात. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून त्यांचं पेव फुटलं. शंभर-सव्वाशे प्रश्न, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज. सुरुवात म्हणून हरकत नाही, पण त्यात माणूस स्वतःलाच मार्क देतो, आणि करिंथकरांनी नेमकं तेच केलं होतं. नव्या करारात दान बहुतेक वेळा दुसऱ्यांना आधी दिसतं. यापोच्या टबीथानं आपल्याला शिवणाचं दान आहे असं कुठे म्हटलेलं नाही. ती वारली तेव्हा विधवा रडत आल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे पेत्राला उलगडून दाखवू लागल्या. तोच तिचा दाखला. म्हणून माझा सल्ला साधा आहे. मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला फोन कुणाला जातो ते बघा. दोन घरांत वितुष्ट आलं की लोक कुणाला मध्ये घेतात ते बघा. आमच्या ओळखीच्या एका मावशींकडे जुन्या डायरीत एक यादी असते: कोण दोन रविवार दिसलं नाही, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेत, कुणाचा डायलिसिसचा वार कोणता. रविवारी दुपारी त्या ऑटोनं निघतात. पाळकसाहेबांना मंडळीची खबर या डायरीतून मिळते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत त्या कधी नव्हत्या.

इथेच कौतुकाची एक लबाड बाजू आहे. 'तुमचं सेवेचं दान किती मोठं!' म्हणत वर्षानुवर्षं त्याच बायकांना स्वयंपाकघरात ठेवता येतं. तरुण पोराला 'तुला टेक्निकलचं दान आहे' म्हणत प्रोजेक्टरमागे बांधून ठेवता येतं, त्याला शिकवायचं असलं तरी. शाल दिली की हक्क द्यावा लागत नाही. किंमत करणं म्हणजे काय, हे शेवटी निर्णयात कळतं. पैशांचं ठरवताना, पाळक निवडताना, कार्यक्रमाची वेळ लावताना या माणसांना विचारतात का? चर्च ऑफ साउथ इंडियानं 2013 मध्ये ई. पुष्पललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं, तेव्हा कित्येकांना बाईमध्ये पुढारीपणाचं दान पहिल्यांदा दिसलं. ते आधी नव्हतं असं थोडंच आहे.

ज्यांना चालता येत नाही, ऐकू येत नाही, बोलायला वेळ लागतो, त्यांच्याकडे मंडळी बहुधा फक्त 'यांच्यासाठी प्रार्थना करा' या नजरेनं बघते. पौलाचं 'अशक्त वाटणारे अवयव' हे वाक्य इथे अक्षरशः लागू करून बघावं. दारात उभी राहून प्रत्येकाला नावानं सलाम करणारी डाउन सिंड्रोमची मुलगी स्वागताचं जे काम करते, ते बॅज लावलेल्या स्वयंसेवकाला जमत नाही. तिला ते काम रीतसर द्या, यादीत तिचं नाव छापा. आणि पायऱ्यांशेजारी उतार बांधा, नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाचं दान आवारातच राहील.

उलट बाजूही बोलायला हवी. प्रत्येकाचं दान मोलाचं म्हणजे प्रत्येकाला माइक, असं नव्हे. ज्याला गाता येत नाही त्याला ते सांगणारं माणूस मंडळीत हवं, आणि सांगताना दुसरं काम हातात देणारंही. पौलानंही भाषांत बोलणाऱ्यांना मर्यादा घातली होती: दोघं, फार तर तिघं, आळीपाळीनं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प. संदेश देणाऱ्यांचंही इतरांनी पारखून घ्यावं असं सांगितलं. नवीन कामात कुणालाही तीन महिन्यांसाठी घालून बघावं, मग दोन्हीकडून मोकळेपणी बोलावं. जमलं तर ठीक, नाही जमलं तर पडल्यासारखं वाटू नये अशी सोय आधीच ठेवावी.

पत्राच्या शेवटच्या पानावर पौल तीन माणसांची नावं घेतो: स्तेफन, फर्तुनात आणि अखायिक. यांतली शेवटची दोन नावं त्या काळी गुलामांना किंवा सुटलेल्या गुलामांना ठेवत तशी आहेत. या तिघांनी काय केलं? करिंथहून समुद्र ओलांडून इफिसला आले, पौलाला भेटले, त्याच्या जिवाला बरं वाटलं. भाषा, चमत्कार, संदेश यांतलं काहीच त्यांच्या नावावर लिहिलेलं नाही. अशांना मान द्या, असं तो करिंथकरांना सांगतो. स्तेफनाच्या घराण्याबद्दल तर त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन, अशांच्या अधीन राहा, असं.